वही मिटली की पाणी

मूल पाणी प्यालं की नाही हे बाटलीवरून कळत नाही, गळ्यावरून कळतं, असं शैलजाबेनचं ठाम मत होतं. बाटली तोंडाला लावायची, डोकं मागे टाकायचं, गाल फुगवायचे आणि एक थेंबही आत न घेता बाटली खाली ठेवायची, ही कला चौथीच्या पोरांना चांगलीच साधली होती. पाण्याची घंटा झाली की शैलजाबेन फळ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि एकेक गळा तपासत जात.

"चेतन, नाटक नको. गळा हलला नाही तुझा."

"बेन, पितोच आहे!"

"काय पितोयस, हवा?"

वर्ग हसायचा, चेतनही हसायचा, आणि हसता हसता त्याला खरोखरच दोन घोट घ्यावे लागायचे.

सुरतेतल्या गोडादऱ्यातली ती मराठी शाळा एका संस्थेची, लहानशी. खाली दुकानं, वर दोन मजले, आणि अगदी वर पत्र्याखाली चौथीचा वर्ग. मुलं जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या घरांतली. कुणाचे वडील लूमवर, कुणाचे मिलमध्ये, कुणाचे टेम्पोवर. शाळा मराठी असली तरी गाव सुरत, म्हणून बाईंना सगळे 'बेन'च म्हणायचे. शैलजाबेन स्वतः चाळीसगावच्या. डी.एड. झाल्या, लग्न झालं, आणि पराग सुरतेत विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला असल्यामुळे त्याही इथे आल्या. पहिल्या दिवशी एका पोराने "ओ बेन" अशी हाक मारली तेव्हा आपल्यामागे कुणी दुसरी बाई उभी आहे की काय म्हणून त्यांनी वळून पाहिलं होतं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

त्यांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट मनाला टोचली की ती सुटेपर्यंत त्यांना चैन नाही. एका वर्षी फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या पोरांना त्या "लक्ष नाही तुझं" म्हणून ओरडल्या नाहीत. त्यांना रांगेने उभं करून लांबचं अक्षर वाचायला लावलं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः डोळे तपासायला घेऊन गेल्या. परतताना चष्म्याची पोरं रिक्षात बसून दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होती. त्या दिवशी बेन जितक्या खूश होत्या तितक्या स्वतःच्या पगारवाढीलाही झाल्या नसतील.

पाण्याचं तसंच झालं. होळी झाली की वरचा पत्रा तापायला लागायचा. शेवटच्या तासाला पोरं बाकावर डोकी टेकायची. "बेन, डोकं दुखतं", "बेन, पोट दुखतं" सुरू व्हायचं. आणि शाळा सुटताना जिन्यात उभं राहून पाहिलं तर बाटल्या सकाळी आल्या तशाच भरलेल्या खाली उतरायच्या. हे एकदा डोळ्यांत आलं आणि बेनच्या डोक्यात बसलं.

पहिला संशय त्यांना संडासाचा आला. कुठल्याही बाईला येईल. मुलींच्या संडासाची कडी तुटकी होती, आत उजेड नव्हता. बेननी मुख्याध्यापक विनायकसरांच्या मागे लागून कडी बसवून घेतली, बल्ब लावून घेतला, सफाई रोज आपल्यासमोर करवून घेतली, आणि शिक्षकांचा संडास सोडून स्वतः तिथेच जायला लागल्या. बेन जातात म्हटल्यावर मुलीही जायला लागल्या. तो प्रश्न मिटला.

मग त्यांनी घंटा आणली, देवघरातली जुनी, छोटी, पितळी. तास अर्धा झाला की ती वाजवायची आणि सगळ्यांनी पाणी प्यायचं. बाटली दप्तरात राहिली की विसरली जाते म्हणून नियम केला की ती बाकावर, वहीच्या शेजारी, उजव्या हाताशी ठेवायची. समोर दिसली की हात आपोआप जातो. हा नियम त्यांना फार आवडला होता. वर्गात शिरलं की बाकांवर रंगीबेरंगी बाटल्यांची रांग दिसायची आणि त्यांना बरं वाटायचं.

विनायकसर दारातून जाताना म्हणायचे, "बेन, तुम्ही शाळा चालवताय की पाणपोई?"

"दोन्ही, सर. या, तुम्हीही घ्या घोटभर."

घरी परागही सोडायचा नाही. जेवायला बसलं की विचारायचा, "काय मग, आज कुणी पाणी पाजलं कुणाला?"

एवढं करूनही काही मुलं हाती लागत नव्हती. आणि त्यांतली एक मयुरी होती.

मयुरी गणितात पहिली. अक्षर असं की वही मिटावीशी वाटू नये. बोलायची मात्र मोजकं. पाण्याची घंटा झाली की ती बाटली उचलायची, ओठांना टेकवायची, खाली ठेवायची. झाकण घट्ट लावायची, मग फ्रॉकला दोन्ही हात पुसायची, तळवा आणि मागची बाजूही, आणि पेन घ्यायची. कधी कधी तर बाटली बाकावरून उचलून लांब खिडकीखाली ठेवून यायची.

"मयुरी, बाटली कुठे?"

"तिथे, बेन."

"नियम काय आहे आपला? बाकावर!"

मयुरी उठून बाटली आणायची, बाकावर ठेवायची, आणि मग तासभर डावा हात वहीवर आडवा धरून आखडून बसायची. जणू शेजारी बाटली नाही, मांजर बसलं आहे.

"का गं पीत नाहीस?"

"तहान नाही लागत, बेन."

एका सकाळी भागाकाराचं उदाहरण फळ्यावर सोडवून ती परत वळली आणि दोन बाकांच्या मध्ये खालीच बसली. चेहरा पांढरा पडलेला, अंगात ताप. लघवीला जळजळ होते हे तिने बेनच्या कानात सांगितलं, तेही दोनदा विचारल्यावर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लघवीचा संसर्ग आहे, हिला याआधीही झाला आहे, पाणी पीत नाही ही पोर.

चार दिवसांनी मयुरी शाळेत आली ती आईबरोबर. जयश्री तिचं नाव. फाटकाशीच उभी राहिली, आत आली नाही.

"बेन, हिना बाप सांगस, परीक्षा व्हयनी का हिले गावले धाडी देवानं. तठे आजी शे. शाळामा जाईसन पोर बिमार पडस, मंग काय कामनं?"

"गावाला? कायमची?"

जयश्रीने मान हलवली. मयुरी आईच्या पदराआडून शाळेच्या जिन्याकडे बघत होती.

बेन वर वर्गात गेल्या, पण त्या दिवशी त्यांचं शिकवण्यात लक्ष नव्हतं. मयुरी गावी गेली की काय होणार हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आजी म्हातारी, घरात पाणी भरायचं, गुरं बघायची, आणि शाळा आहे तर आहे. अशा गेलेल्या मुली परत येत नाहीत. सुट्टीत कधी आल्याच तर रस्त्यात भेटतात, लाजून हसतात, आणि भागाकार विसरलेल्या असतात.

दुपारी शाळा सुटली तशा बेन मयुरीचा हात धरून तिच्या घरी निघाल्या.

घर म्हणजे लांबलचक गॅलरीतली एक रूम. दारासमोर गॅलरीतच माठ ठेवलेला, त्यावर झाकण, झाकणावर ग्लास. बेन चप्पल काढून उंबऱ्याशी पोचल्या तोच जयश्री आतून लगबगीने आली आणि दारात आडवीच उभी राहिली.

"बेन, तठेच थांबा. पानी देस मी."

आणि तिने बाहेर येऊन, उभ्याउभ्याच, ग्लास हातात दिला.

बेनना जरा लागलं. खानदेशात कितीही गरिबाचं घर असो, आल्यागेल्याला आधी बसायला देतात, मग पाणी. उभ्याने पाणी वाटसरूला देतात, दारावरच्या दारावर. ही बाई आपल्याला आत घ्यायलाही तयार नाही की काय? पण त्या रागावून परत फिरणाऱ्यांतल्या नव्हत्या. आपण आलोय पोरीसाठी, मानपानासाठी नाही, असं मनाशी म्हणून त्यांनी हसून ग्लास घेतला आणि "आत बसूनच पिते की" म्हणत उंबऱ्यात पाय टाकला.

"पानी मझार नको!"

जयश्री ओरडली. मयुरी ओरडली. आतल्या कोपऱ्यात बसलेला मयुरीचा धाकटा भाऊ विकास, ज्याला अजून नीट बोलताही येत नव्हतं, तोसुद्धा "पानी! पानी!" करत दोन्ही हात नाचवायला लागला. पोटमाळ्यावर रात्रपाळी करून झोपलेला मयुरीचा बाप, दगा, धडपडून उठला आणि "काय व्हयनं? काय व्हयनं?" म्हणत शिडीवरून अर्धा खाली आला.

बेन एक पाय आत, एक पाय बाहेर, हातात ग्लास, अशा जागच्या जागी थिजल्या. मग त्यांनी आत पाहिलं.

रूमभर साडी पसरली होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, फिकट निळी, आणि तिच्या अर्ध्या अंगावर बारीक स्टोन चिकटवलेले. बाकीचं अर्धं अंग अजून मोकळं. कडेला गमची वाटी, स्टोन उचलायला टोकाला मेण लावलेली काडी, आणि भिंतीशी घड्या घालून ठेवलेल्या आणखी साड्यांची उतरंड. चालायला राहिली होती ती फक्त भिंतीकडेची पाऊलभर पट्टी.

"माफ करा, बेन," जयश्री आता ओशाळली होती. "साडीले पानी लागनं का डाग पडस. गम बी सुटस. मंग शेठ पीस परत धाडस. म्हनून पानी बाहेरच ठेवतस आम्ही. पोरं बी बाहेरच पेतस."

"आणि तुम्ही? तुम्ही केव्हा पिता?"

"पीस पुरा व्हयना का." हे तिने अशा सहजपणे सांगितलं, जसं कुणी सांगावं की ऊन उतरलं की बाहेर पडतो.

तेवढ्यात मयुरीने बेनच्या हातातला ग्लास घेतला, गॅलरीत नेऊन माठावर पालथा घातला, आणि आत यायच्या आधी फ्रॉकला हात पुसले. तळवा, मग मागची बाजू.

बेन तिच्या हातांकडे बघत राहिल्या. तेच हात, तसेच पुसलेले, त्या रोज वर्गात बघत होत्या. त्यांना काही नवं कळलं नाही. जे माहीत होतं तेच एकदम सरळ झालं.

त्या गॅलरीतच खाली बसल्या, पाय दुमडून, आणि मयुरीला जवळ बसवलं.

"मयुरी, शाळेत तुझी बाटली वहीच्या शेजारी ठेवायला लावते मी. भीती वाटते का गं?"

मयुरीने माठाकडे पाहिलं. "वही भिजली तर?"

"आणि काम संपल्यावर प्यायचं, असं आहे ना तुमच्या घरी? मग शाळेत काम संपल्यावर का नाही पीत?"

"शाळेत काम कुठे संपतं, बेन? वही उघडीच असते."

बेनना हसूही आलं आणि रडूही. वर्गातल्या निम्म्या घरांत हेच काम चालतं, हे त्यांना ठाऊक होतं. पोरांच्या केसांत, दप्तरांत, कधी कधी डब्यातल्या भाकरीवरही चमचमते स्टोन सापडायचे. आणि त्यांनी, ज्या पोरांना चालायला लागल्यापासून कामाजवळ पाणी नेलं म्हणून फटके बसले, त्यांच्याच वहीला खेटून पाण्याची बाटली ठेवून दिली होती. वर त्याला नियम म्हणत होत्या. रंगीबेरंगी बाटल्यांची ती रांग त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी ती मनातल्या मनात तिथल्या तिथे मोडून टाकली.

दगा आता पूर्ण खाली उतरून भिंतीला टेकून उभा होता. झोप डोळ्यांवर होतीच.

"बेन, तुम्ही आल्यात, चांगलं करं. पन मन्ही अंडेर दोनदा बिमार पडनी. मी लूमवर, ही कामवर. दवाखानामा कोन बशी? गावले मन्ही माय शे, ती देखी तिले."

लेकीवर त्याचा जीव होता, हे बेनना दिसत होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"दगाभाऊ, आत्ताच ठरवू नका, परीक्षेपर्यंत थांबा. तोवर ही माझ्या वर्गात रोज पाणी पिईल. तब्येत बघा आणि मग ठरवा. नाही पटलं तर मी अडवणार नाही."

दगाने बायकोकडे पाहिलं. जयश्री साडीकडे बघत होती, पण मान तिने हलवली.

"बरं. पन परत बिमार पडनी ते मी ऐकाव नही."

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गातल्या बाटल्या बाकांवरून गेल्या. सगळ्या बाहेर, गॅलरीत, कठड्याखाली ओळीने ठेवल्या. घंटा वाजली तशी चेतनने सवयीने हात पुढे केला तर हाताला नुसता बाक लागला.

"बेन, पाणी चोरीला गेलं!"

"गेलं नाही, बाहेर राहायला गेलंय. ऐका. आता घंटा झाली की आधी काम घडी घालायचं. वही मिटा. पेन आत. वही दप्तरात. दप्तराची चेन लावा. मग बाहेर जाऊन पाणी प्यायचं, हात पुसायचे, आत यायचं."

पोरांना बाहेर जायला मिळतंय एवढंच पुरे होतं. झटपट वह्या मिटल्या. मयुरी मात्र गॅलरीत बाटली हातात धरून दाराकडे बघत उभी राहिली. झाकण उघडेना. मयुरी परत वर्गात गेली, बाकांच्या रांगांमधून फिरली, आणि दारात येऊन तिने शाळेत पहिल्यांदाच मोठ्याने आवाज लावला.

"चेतन! तुझी वही उघडी आहे!"

"अगं, माझी आहे ना, तुला काय?"

"आधी मिट. मग मी पिणार."

चेतन कुरकुरत आत गेला, वही दप्तरात कोंबली. "झालं, शेठाणी?"

मयुरीने झाकण उघडलं. बेन तिच्या गळ्याकडे बघत होत्या. गळा हलला. पुन्हा हलला. ती थांबेचना. शेवटी दम घ्यायला थांबली तेव्हा हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

वर्गातली आणखी कितीतरी मुलं तशीच पीत होती. घरात स्टोनचं काम नसलेली आपली नेहमीसारखी, पण ती दुसरी, कोपऱ्यात गप्प बसणारी, भुकेल्यासारखी पीत होती.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. गॅलरीत गलका व्हायचा. तिसरीच्या बाई तक्रार करायच्या. विनायकसर एकदा वर आलेच.

"बेन, दर तासाला वरात काढता तुम्ही. तपासणीला कुणी आलं तर काय सांगू? अभ्यासक्रम पुरा व्हायचा आहे."

"सर, शेवटच्या तासाला या एकदा वर्गात."

"कशाला?"

"याच तर."

सर आले. मागच्या बाकावर बसले. पत्रा तापलेला होता, सरांच्या कपाळावर घाम होता, आणि समोर वर्ग ताठ बसून पाढे म्हणत होता. एकही डोकं बाकावर नव्हतं. सर उठले. जाताना फक्त म्हणाले, "गलका कमी करा." मग बेननी पोरांना चवड्यांवर, मांजरासारखं चालायला शिकवलं. त्यात पोरांना पाण्याहून जास्त मजा यायला लागली.

मयुरी आता वर्गाची मुकादमच झाली होती. घंटा झाली की सगळ्यांच्या चेनी तपासल्याशिवाय ती कुणाला बाटलीला हात लावू द्यायची नाही. घरून निरोप येत होते ते चांगले होते. ताप नाही, जळजळ नाही. बेनना वाटलं, जमलं.

आणि मग एका संध्याकाळी परीक्षेचं वेळापत्रक लावताना त्यांच्या लक्षात आलं की परीक्षेत घंटा नाही. पेपर हातात पडला की शेवटपर्यंत उघडाच. शिवाय वर्गही दुसऱ्याच शिक्षकाच्या ताब्यात, कारण आपल्या वर्गावर आपण देखरेख करायची नाही असा शाळेचा दंडक होता. पत्र्याखाली एप्रिलचं ऊन, आणि समोर न संपलेलं काम. मयुरी पाणी पिणार नव्हती. दगा तर परीक्षा संपायचीच वाट बघत होता.

त्या विनायकसरांकडे गेल्या. "पेपराच्या मध्ये पाणी पिऊ द्या, सर, सगळ्यांना एकदम."

"अख्खा वर्ग बाहेर? आणि उत्तरं सांगितली एकमेकांना तर? नाही, बेन. ज्याला तहान लागली त्याने हात वर करावा, एकेकट्याने जावं. मी कुणाला नाही म्हणणार नाही."

सरांचंही खोटं नव्हतं. पण मयुरीने अजून कधी कुणासमोर स्वतःसाठी हात वर केला नव्हता. दुसऱ्याच्या चेनी तपासणं वेगळं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बेननी वर्गाला एवढंच सांगितलं. "उद्या घंटा मी वाजवणार नाही. मी दुसरीच्या वर्गावर असेन. पेपर तुमचा आहे. तो कधी मिटायचा, कधी उघडायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मिटलं म्हणजे काम संपलं असं नसतं. काम तिथंच असतं, आपण परत येतो."

बोलताना त्या मयुरीकडे मुद्दाम बघत नव्हत्या.

गणिताच्या पेपरला दुसरीचा वर्ग गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला होता. दुसरीची पोरं चित्र रंगवत होती आणि बेन दारात उभ्या राहून चौथीच्या दाराकडे बघत होत्या. आत विनायकसर फेऱ्या मारत होते. गॅलरीतल्या कठड्याखाली बाटल्यांची ओळ तशीच होती. एक मुलगा येऊन पिऊन गेला. मग चेतन आला, घटाघट प्याला, बेनकडे बघून त्याने गळ्यावर बोट ठेवलं आणि हलवून दाखवलं. मग बराच वेळ कुणीच नाही. ऊन कठड्यावरून आत सरकलं. बेनना वाटलं, आता जावं आणि हाक मारावी. पण त्यांनी पाय उचलला नाही. आज हाक मारली तर उद्याही मारावी लागेल, पाचवीत मारावी लागेल, आणि तेव्हा आपण नसू.

आतून विनायकसरांचा आवाज आला. "झाला पेपर? दे इकडे."

"नाही, सर. झाला नाही. मिटलाय." आवाज बारीक होता पण स्पष्ट. "दोन गणितं राहिलीत. पाणी पिऊन येते."

फेऱ्यांचा आवाज थांबला. मग सर म्हणाले, "जा."

मयुरी बाहेर आली. दारात क्षणभर थांबली, मान वळवून आपल्या बाकाकडे पाहिलं, तिथे उत्तरपत्रिका पालथी घालून त्यावर पॅड ठेवलेलं होतं. मग ती कठड्याशी गेली, बाटली उचलली आणि प्यायली. घाई केली नाही. दूर उभ्या असलेल्या बेन तिला दिसल्याही नाहीत. हात पुसले, तळवा आणि मागची बाजू, आणि आत जाऊन बसली.

बेन दुसरीच्या वर्गात परतल्या. एका पोराने आकाशाला हिरवा रंग दिला होता. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला त्यांना पदर काही सापडेना.

निकालाच्या दिवशी दगा स्वतः आला. पहिल्यांदाच वर, पत्र्याखालच्या वर्गात. पाळी सुटून थेट आला असावा, केसांत सुताची पांढरी लव तशीच होती. मयुरी त्याच्या मागे. बेननी प्रगतीपुस्तक त्याच्या हाती दिलं, पण त्याने ते उघडलं नाही. तो इकडेतिकडे बघत राहिला, बाकांकडे, फळ्याकडे, बाहेरच्या गॅलरीकडे.

"बिमार नही पडनी," शेवटी म्हणाला.

"नाही पडली."

"घर बी आते मायले सांगस, साडी घडी कर, पानी पी, मंग बस. सोडसच नही. तिनी मायनं डोकं दुखानं बी कमी व्हयनं." त्याने लेकीकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं. "बेन, सुट्टीमा गावले जाई ती. आजी वाट देखी ऱ्हायनी."

बेननी मयुरीकडे पाहिलं.

"जूनमा मी परत लई येसू. पाचवीना वर्ग बी वरच शे का? आठे लई गरम व्हस, बेन. काही तरी कराले पाहिजे."

"पाचवी खालच्या मजल्यावर आहे," बेन म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता ते खरं. करायला पाहिजे. तुम्ही याल का माझ्याबरोबर, सरांशी बोलायला?"

दगाने केसांतली लव झटकली आणि मयुरीला म्हणाला, "चाल, तू बी चाल." तिघेही जिना उतरून विनायकसरांच्या खोलीकडे गेले.